कोणाच्या नियमानं

कोरलनं जॅराला न्याहारीला नऊ वाजता बोलावलं होतं. तो अकराला आला आणि दारातच छाती काढून म्हणाला, “बघ आत्या, आज कसा वेळेवर आलो!” तिनं अंडी एकदा झाकून ठेवली होती, एकदा गरम केली होती आणि शेवटी कंटाळून स्वतःच खाऊन टाकली होती. आधी तिला ती थट्टाच वाटली. “अकरा वाजलेत, राजा,” ती म्हणाली. “हां, तुझे अकरा,” तो म्हणाला, “म्हणजे माझे...” आणि थांबला. त्यानं हात वर घेतला, एक बोट दुमडलं, परत उघडलं. “तू नऊ म्हणालीस. म्हणजे माझे दहा. माझ्या दहाला निघालो. बरोबर ना?” तो हसत होता, पण डोळे तिच्या चेहऱ्याकडे लागले होते, उत्तर तिथं लिहिलेलं असावं तसे. कोरलनं गॅस पेटवला आणि नवी अंडी फोडली.

तासाचा घोळ काही जगावेगळा नव्हता. उन्हाळा लागला की कोरलच्या गावची, ट्वीड हेड्सची, घड्याळं तासभर पुढं जातात आणि रस्त्यापलीकडचं कूलंगाटा, ते दुसऱ्या राज्यात म्हणून, आहे तिथंच राहतं. बाहेरून आलेली माणसं महिनोन्महिने चुकतात. त्यांचे फोनसुद्धा चुकतात, कधी या बाजूचा टॉवर पकडतात, कधी त्या. पण इथं जन्मलेलं पोर चुकत नाही. जॅरा या घरात वाढला, शाळा पलीकडं, आता राहायलाही पलीकडंच. रोज सकाळी तो आठला घरून निघायचा आणि सातला शाळेच्या रस्त्याला लागायचा, आणि त्यात काही विचित्र आहे हे त्याला कधी वाटलंच नाही. तिच्या भावाचं, लेसचं, हे पोर पाच वर्षांचं असताना पाहुण्यांना शिकवायचं, ‘आत्याकडं यायचं तर एक मिळवा, आत्याकडून जायचं तर एक काढा.’ उजवा-डावा हात कळावा तसं ते त्याला कळायचं. तोच आज बोटं मोजत उभा होता. माणूस चावी विसरतो, नाव विसरतो, दूध आणायचं विसरतो, त्यात काही नाही. पण माणूस आपला उजवा हात विसरला तर? कोरलनं अंडी ताटात वाढली. त्यानं ती मन लावून खाल्ली, वर टोस्ट मागितला. भूक चांगली होती. तिला त्या भुकेचाही आधार वाटेना.

तीन आठवड्यांपूर्वी दक्षिणेत, याच राज्यातल्या न्यूकॅसलला, तो बॉक्सिंगच्या लढतीत पडला होता. कोरल तिथं नव्हती, तिनं ते फोनवर पाहिलं. डाव्या हाताचा ठोसा कानशिलात बसला, आणि पडायच्या आधीच त्याचं अंग ताठ झालं, हात पुढं तसेच धरलेले. तो पाठीवर पडला तरी हात वरच होते. रेफरीनं मोजायचीही तसदी घेतली नाही. तिकडच्या सरकारी माणसानं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, दोन महिने रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही, सरावातही डोक्यावर मार घ्यायचा नाही, मेंदूचा फोटो काढून आणायचा, मग बघू. बरं झालं, कोरलला तेव्हा वाटलं होतं. मग परवा तिला कळलं की आज, शनिवारी, पलीकडच्या क्लबात जॅराची लढत आहे आणि टाइमकीपर म्हणून घंटेवर तीच बसणार आहे. पलीकडं असं सरकारी माणूसच नव्हतं. त्या राज्यानं या धंद्यासाठी कधी कचेरी उघडली नाही. तिथं ज्याला लढती भरवायच्या तो परवानगी द्यायला आपल्या पसंतीची संस्था निवडतो, आणि एकीनं नाही म्हटलं तर दुसरी असतेच. रस्ता ओलांडायला सिग्नलही लागत नाही.

“डोकं दुखतं का रे?” तिनं विचारलं.

“नाही गं.”

“रात्री झोप?”

“आत्या, तू आता डॉक्टर झालीस का? अगं, जिंकलो तर ब्रिस्बेन. मोठ्या लढती, टीव्हीवर. सव्वीस वर्षांचा झालो मी. हे गेलं की पुन्हा कोण बोलावतंय?”

“नऊचे आठ करायचे, तू दहा केलेस.”

“तुझ्यासाठी लवकर यायचं म्हणून घाई केली, तर त्यातही खोट काढ.” त्यानं तिचं डोकं आपल्या खाकेत घेऊन हलवलं, लहानपणी ती त्याचं हलवायची तसं. “संध्याकाळी घंटा जरा जोरात वाजव. मागच्या वेळी कोंबडीला दाणे टाकतेस असं वाटलं.” आणि तो गेला.

ती खुर्चीत बसली आणि तिला तिचा बाप आठवला. तो आठवायला नको होता म्हणूनच आठवला. आर्ची जत्रेतल्या तंबूत लढायचा. गावोगावच्या शेतकी जत्रा, तंबूपुढं उंच फळी, फळीवर ओळीनं उभे लढवय्ये, मालक ढोल बडवून गर्दीला चिथावतोय, ‘या, कोणाच्या अंगात रग आहे?’ आणि गर्दीतला कुणी लोकर कातरणारा दारू पिऊन हात वर करतोय. दिवसाला चार लढती, कधी सहा. आपापसांत ते हात राखून लढायचे. एकमेकांना सांभाळणं हा तंबूचा धर्म होता. नव्या पोराला आधी पडायला शिकवत, मारायला नंतर. पण फळीखालून वर येणाऱ्या दारुड्याला कसला धर्म? आठ वर्षांची कोरल तंबूत घंटेशी बसायची, बापाचा मार जास्त वाटला की लवकर वाजवायची, आणि मालक हसून दुर्लक्ष करायचा. मग दक्षिणेत नियम आला की एकदा लढलेल्यानं अमुक दिवस लढायचं नाही. तंबू उपाशी मरणार. मालकानं एका दुपारी खुंट्या उपटल्या, ट्रक भरला आणि हद्द ओलांडून उत्तरेला आला. ट्रकच्या मागं बसून आर्ची गात होता. ‘बोर्डवाले राहिले मागं!’ तो ओरडला. आणखी काही वर्षं तो लढला. पन्नाशीत तो एक बूट हातात घेऊन दुसरा शोधायचा, आणि दुसरा पायात असायचा. आई एक शब्द न बोलता त्याच्या पायाकडं बोट दाखवायची. तो खाली बघून इतका आनंदायचा की ती दर वेळी हसायची, आणि मोरीत जाऊन रडायची.

बोर्ड. हा शब्द तिच्या घरात शिवीसारखा होता. सगळ्या काळ्या घरांत, या देशाच्या मूळ माणसांच्या घरांत, होता. कुठं राहायचं, कुणाशी लग्न करायचं, मजुरी कुणाच्या हातात जायची, पोरं कुणाकडं वाढायची, सगळं सरकारी बोर्ड ठरवायचं, तुमच्या भल्यासाठी. तिच्या आजीनं बोर्डाच्या माणसाची गाडी बघितली आणि मागच्या दारानं निघून, कुणाच्या तरी मासेमारीच्या होडीत बसून ती नदीपार, हद्दीच्या उत्तरेला गेली, मांडीवर आर्ची. गाडीतला माणूस त्या काठावर राहिला. पुढं उत्तरेतही तसलंच बोर्ड होतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात, पण त्या दिवसापुरती हद्दीनं पोर वाचवलं. म्हणून या घरातली माणसं हद्दीला मानायची. इकडचा त्रास झाला की तिकडं, तिकडचा झाला की इकडं. कोरलनंही आयुष्यभर तेच मानलं. मध्यंतरी कुणी तरी टीव्हीवर सांगत होतं, साऱ्या देशाला मिळून बॉक्सिंगचं एकच मंडळ हवं, एका जागी लागलेली बंदी सगळीकडं लागू हवी. ती त्या माणसाच्या टायकडं बघून म्हणाली होती, ‘आलास का बाबा परत? आता कोणाची पोरं नेतोस?’ जॅरा तेव्हा हसून सोफ्यावरून खाली पडला होता. आणि आता ती स्वैपाकघरात बसून, आजीची, बापाची माफी मागत, मनातल्या मनात म्हणत होती की असावं एक मंडळ. एक टेबल असावं, त्यामागं एक माणूस, कसल्याही चेहऱ्याचा, टाय लावलेला का असेना, आणि त्यानं फक्त म्हणावं, नाही, हा पोरगा आज लढणार नाही, इथं नाही आणि तिथंही नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही इच्छा जाईना.

दुपारी ती रस्ता ओलांडून मिककडं गेली. मिक जॅराचा ट्रेनर, मनानं वाईट नव्हता. तो पोरांच्या हातपट्ट्या धुऊन वाळत घालत होता. “मावशी, मला काय हौस आहे?” तो म्हणाला. “मी त्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, तू नसशील तर मी त्या दुसऱ्या ट्रेनरला, गॅरीला, कोपऱ्यात घेईन. गॅरी टॉवेल फेकून लढत थांबवील असं वाटतं तुला? त्याच्याकडं टॉवेल आहे की नाही हीच शंका. मी निदान बघेन तरी.”

“म्हणजे मरताना ओळखीचं माणूस जवळ असेल.”

“असं अभद्र काय बोलतेस, मावशी?” मिकनं पट्टी पुन्हा पिळली, ती आधीच कोरडी होती. “डॉक्टर आहे ना. त्यानं तपासलं की झालं. डॉक्टरपुढं मी कोण?”

डॉक्टर क्लबातल्या मागच्या खोलीत सापडला. चांगला, तरुण, देशाच्या आतल्या भागातून सुट्टीच्या दिवसांपुरता आलेला. त्यानं कोरलला खुर्ची दिली. त्यानं जॅराचे डोळे पाहिले होते, रक्तदाब घेतला होता, एका पायावर उभं केलं होतं, डोकं दुखतं का विचारलं होतं. जॅरा नाही म्हणाला होता. न्यूकॅसलचं? न्यूकॅसलचं त्याला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायचं कुणी हेही कुठं ठरलेलं नव्हतं. “आता तुम्ही सांगताय, पण आयोजकांकडून आलं तर मला काही करता येईल,” तो म्हणाला. मग कोरलनं त्याला नऊ आणि दहाचं सांगितलं. सांगता सांगताच तिला कळलं की हे वाया जातंय. डॉक्टर मोकळेपणी हसला. “अहो, त्या तासाचं मला विचारूच नका! मी स्वतः आज उशिरा पोचलो. मघाशी जेवायला पलीकडं गेलो तर हॉटेल बंद.” ‘तू चुकणारच रे बाळा, तू इथला नाहीस,’ हे तिच्या ओठांवर होतं. पण इथला माणूस चुकत नाही, हे ज्याला सांगायचं तो इथला नसला तर सांगायचं कसं? तिनं त्याच्या सांगण्यावरून पाणी प्यायलं आणि उठली.

डग प्रेंटिस, लढत भरवणारा, हॉलमध्ये खुर्च्या लावून घेत होता. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण कोरलशी कायम हसतमुख. दोघांनी तरुणपणी एकाच बॉक्सिंग क्लबात फरशी पुसली होती. “कोरल! ये ये. तू घंटेवर असलीस की मला घड्याळ बघावं लागत नाही.”

“जॅराला काढ आजच्यातून.”

“का? काय केलं त्यानं?”

“त्याला तिकडं बंदी आहे, डग. तुला माहीत आहे.”

“तिकडं.” डगनं एक खुर्ची सरळ केली. “तिकडं गाडी हळू चालवावी लागते, तिकडं तास पुढं असतो. तिकडचं तिकडं. माझ्या संस्थेनं परवानगी दिलीय, डॉक्टरनं दिलीय, मिकनं दिलीय, आणि ज्याचं डोकं आहे त्यानं स्वतः दिलीय. मी कोण नको म्हणणारा?” तो तिच्या जवळ आला. “खरं सांगू? उद्या सरकारनं कायदा केला तर सगळ्यात आधी मी सही करीन. पण आज एकट्यानं नको म्हटलं तर गॅरी पुढच्या आठवड्यात त्यालाच लढवील, कुठल्या तरी शेडमध्ये, डॉक्टरशिवाय. मग बरं वाटेल तुला?” आणि वाईट हेच होतं की तो खोटं बोलत नव्हता. मिकही खोटं बोलला नव्हता, डॉक्टरही. तूही राणी मीही राणी, पाणी कोण आणी. दिवसभर ती एकेका शहाण्या माणसाकडं जात होती, आणि प्रत्येक जण अदबीनं दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. शेवटचं बोट सव्वीस वर्षांच्या पोराकडं होतं, ज्याला आज सकाळी आठ आणि दहातला फरक कळला नव्हता.

संध्याकाळी हॉल भरला. बिअर, तळलेले बटाटे, मलमाचा वास, मागच्या रांगांत तिच्याच नात्यागोत्यातली माणसं, बायका, तान्ही पोरं. कोरल रिंगला लागून टेबलापाशी बसली. आधीच्या लढती तिनं चोख वाजवल्या. तीस वर्षांची सवय होती, हात आपोआप चालत होता. डोकं मात्र बापाच्या पायातल्या बुटाशी अडकलं होतं. मग जॅरा आला. दिवे, गाणं, अंगावर आपल्या लोकांच्या झेंड्याचा लाल-काळा-पिवळा झगा, लोक उभे राहिले, आणि तिलाही क्षणभर अभिमान वाटला. काय देखणा दिसत होता! लेसचे खांदे, आर्चीचा जबडा. त्यानं दोरावरून तिला डोळा मारला. समोरचा पोरगा गोरा, ठेंगणा, घाबरलेला, ठोसा मात्र जड असलेला. नावं पुकारून झाली. रेफरीनं दोघांना मध्ये घेतलं, ग्लोव्ह्ज भिडले, दोघं आपापल्या कोपऱ्यांत गेले. जॅरानं पाठ वळवली आणि तो दोन पावलं दुसऱ्याच कोपऱ्याकडं चालला. मिकनं शीळ घातली, तो वळला, हसला, लोकही हसले. रेफरीनं कोरलकडं बोट केलं. वाजवा.

ती उठली. काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, हे नंतर तिनं शपथेवर सांगितलं असतं. तिनं आपली घडीची खुर्ची मिटून काखेत घेतली आणि रिंगच्या पायऱ्या चढू लागली. गुडघे दुखत होते. वर मिक उभा होता. मोठी बाई येतेय म्हटल्यावर त्यानं सवयीनं एक दोर पायानं खाली दाबला, एक हातानं वर उचलला आणि वाट करून दिली. ती आत गेली आहे हे त्याच्या लक्षात ती गेल्यावर आलं. रिंगच्या मधोमध तिनं खुर्ची उघडली आणि बसली. मांडीवर हात ठेवले. लोकांना वाटलं काही सत्कार आहे. टाळ्या पडल्या.

“मावशी, खाली या,” रेफरी वाकून म्हणाला. “लढत सुरू करायचीय.”

“हा पोरगा लढणार नाही. महिन्याच्या आत पडलाय तो. तिकडं त्याला बंदी आहे.”

डग दोरातून आत शिरला, चेहऱ्यावर लोकांसाठी हसू, आवाज दातांमागं. “कोरल, ऊठ. हे नियमात बसत नाही.”

“कोणाच्या?”

“संस्थेच्या!”

“संस्था तुझ्या मेव्हण्याच्या गॅरेजात आहे, डग. बोलव त्याला. मला काढायचं तर काढा, पण कोणाच्या नियमानं काढताय ते आधी सांगा. दिवसभर विचारत हिंडले, कोणाकडंच नियम नव्हता. आता कुठून आला?”

टाळ्या थांबल्या होत्या. कुणी तरी ओरडलं, “म्हातारीला उचला!” मागच्या रांगेतून लगेच बाईचा आवाज आला, “हात तर लावून बघ!” आणि त्या रांगा उभ्या राहिल्या. डगनं दारावरच्या धटिंगणाला खूण केली. तो वर आला, दंडांवर गोंदण, मान खाली. कोरलनं शाळेच्या कँटीनमध्ये त्याला सहा वर्षं जेवण वाढलं होतं. “मी नाही लावणार हात, आत्या,” तो पुटपुटला आणि आला तसा उतरला. डॉक्टर खाली उभा राहून मान वर करून बघत होता. मग तो डगजवळ जाऊन, जॅराकडं हात करून, नकाराची मान हलवत बराच वेळ बोलला. डगचं हसू मावळलं. समोरच्या ठेंगण्या पोराच्या खांद्यावर त्याच्या माणसांनी टॉवेल टाकला.

जॅरा तिच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसला. त्याचे ग्लोव्ह्ज तिच्या मांडीवर आदळले, जड, मुठीपेक्षा मोठे. तो रडत होता, आणि रडणं पुसायला त्याला बोटं नव्हती. तिनं आपल्या बाहीनं पुसलं, तर त्यानं तोंड फिरवलं.

“तू मला सगळ्यांसमोर पोर करून टाकलंस, आत्या.”

“हो.”

“ब्रिस्बेन गेलं माझं.”

“गेलं.”

“मी तुला माफ नाही करणार.”

“नको करू.”

त्यानं कपाळ ग्लोव्ह्जवर टेकवलं. लोक खुर्च्या वाजवत होते, डग माइकवर काही सांगू बघत होता आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. मग जॅरानं डोकं वर केलं आणि अगदी साध्या आवाजात, पत्ता विचारावा तसं विचारलं, “आज बसलीस. पुढच्या महिन्यात मी टाउन्सव्हिलला लढलो तर? डार्विनला लढलो तर? तिथं कोण येऊन बसेल?”

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसून राहिली.